ऐरण कुठाय? हिडन ऑब्जेक्ट गेम पहिल्यांदाच खेळणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात सांगलीत सगळ्यांच्या मोबाइलवर एकच चौकशी चालू असते, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती झालं. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि त्या दोन्हीच्या मधे जो काही काळ असतो त्यात माणूस घरात बसून नुसता भडंग खातो आणि खिडकीतून बघतो. अशाच एका पावसात आमची तासगावची आत्या चार दिवसांसाठी म्हणून आली आणि बारा दिवस राहिली. मी लॅपटॉपवर हिडन ऑब्जेक्ट गेम, म्हणजे पसाऱ्यातून लपलेल्या वस्तू शोधायचा खेळ, खेळत होते, ती मागं येऊन उभी राहिली. स्क्रीनवर एका जादूगाराच्या पडक्या वर्कशॉपमधे दीडशे वस्तूंचा ढीग, खाली यादीत एकच शब्द राहिलेला, ॲन्व्हिल. मी पाच मिनिटं शोधत होते आणि खरं सांगायचं तर ॲन्व्हिल म्हणजे नेमकं काय हेच मला धड माहीत नव्हतं. मोबाइलवर अर्थ बघितला, ऐरण. मी मोठ्यानं म्हणाले ऐरण, आणि आत्यानं सरळ स्क्रीनवर बोट टेकवलं, "ती काय, पिंपाच्या मागं. लोहाराकडं कधी गेली नाहीस व्हय गं?"

तेव्हापासून हा खेळ कसा खेळायचा हे मी कुणालाही सांगताना तिथूनच सुरुवात करते. लोकांना वाटतं नजर तेज पाहिजे. नजर लागतेच, पण आपल्याकडच्या माणसाचं घोडं अडतं ते यादीतल्या इंग्रजी शब्दापाशी. ते पुढं सविस्तर सांगते, आधी खेळ काय असतो ते बघा.

हा प्रकार नक्की काय

तीन गोष्टी एकात मिसळलेल्या असतात. एक म्हणजे गोष्ट, शापित किल्ला, गायब झालेली बहीण, जंगलातली चेटकीण, असलं काहीतरी, आणि तुम्ही त्यात एका जागेवरून दुसऱ्या जागी फिरत असता. दुसरं म्हणजे मधेच एखादी जागा चमकते, तिथं क्लिक केलं की पसाऱ्यानं भरलेलं चित्र उघडतं, त्याला सीन म्हणतात, आणि त्यात यादीतल्या वस्तू शोधायच्या. तिसरं म्हणजे कोडी, कुलपं, फिरणारी चाकं, सरकणाऱ्या फरशा. पूर्वी नुसतं शोधणंच असायचं, डोक्यावर घड्याळ टिकटिकत. सिॲटलच्या बिग फिश कंपनीचा मिस्टरी केस फाइल्स या मालिकेतला २००५ मधला पहिला गेम त्याच वळणाचा, हा प्रकार घराघरात पोचला त्यात त्याचा मोठा हात. मग हळूहळू गोष्ट आणि कोडी वाढत गेली, आणि आता फॅन्टसीवाल्यांमधे, म्हणजे जादूच्या गोष्टी असलेल्या गेममधे, तर शोधण्यापेक्षा फिरणंच जास्त असतं. पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडी या कंपनीनं असले बरेच गेम काढले, ग्रिम लेजंड्स, एनिग्मॅटिस वगैरे. नवीन माणसानं त्यांच्यापासून सुरू करायला हरकत नाही, चित्रं सुरेख असतात आणि एक गेम तीन-चार-पाच तासात संपतो.

आत्याला फॅन्टसी कळेल का अशी मला शंका होती. ती म्हणाली, "राक्षसाचा जीव पोपटात असतो तसंच की हे." अगदी तसंच. त्यामुळं जादूबिदू म्हणून घाबरू नका, नियम तेच असतात, दाराला तीन रत्नं बसवायची आणि तिन्ही रत्नं तीन लांबच्या जागी.

गेम निवडताना

इथं एकदा पाय घसरला की पैसे जातात म्हणून जरा थांबून वाचा. मोबाइलवर फुकट मिळणारे जे असतात त्यातल्या बऱ्याच गेममधे एनर्जी नावाची भानगड असते. दोन-चार सीन खेळले की एनर्जी संपली, आता अर्धा तास थांबा नाहीतर हिरे विकत घ्या. मी एकदा रात्री साडेअकराला असल्याच एका गेममधे "आता एवढा सीन झाला की झोपते" म्हणत तीन वेळा हिरे घेतले आणि सकाळी बँकेचे मेसेज बघून स्वतःचीच लाज वाटली. शिवाय त्यांची गोष्ट कधी संपतच नाही, तेच सीन परत परत खेळायला लावतात.

त्यापेक्षा एकदाच पैसे भरून पूर्ण मिळतो तो गेम घ्या. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचा भाग फुकट खेळून बघता येतो, आधी तो खेळा. स्टीमवर, म्हणजे कम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, घेत असाल तर सेल लागेपर्यंत थांबा, हे गेम सेलमधे बरेच स्वस्त होतात. आणि तिथं घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. कलेक्टर्स एडिशन म्हणून एक महागडी आवृत्ती असते, त्यात शेवटी एक जादा प्रकरण मिळतं. पहिल्याच गेमला त्याची गरज नाही.

मशीन जुनं असलं तरी चालतं. स्क्रीन मात्र मोठी घ्या, फोनवर वाळूच्या रंगाची सुई वाळूत शोधणं म्हणजे डोळ्यांची नुसती माती.

पहिला अर्धा तास

सुरू केलं की नाव विचारतो, मग अवघडपणा. कॅज्युअल, ॲडव्हान्स्ड, एक्सपर्ट अशी साधारण नावं असतात. कॅज्युअल घ्या, गपगुमान. कोडी बहुतेक तीच राहतात, फरक मदतीत असतो. कॅज्युअलमधे शोधायच्या जागा चमकतात, हिंट, म्हणजे मदतीचं बटण, एकदा वापरल्यावर परत लवकर भरते, चुकीच्या क्लिकला दंड नसतो किंवा कमी असतो. एक्सपर्टमधे चमक बंद, काही गेममधे हिंटही बंद. माझा एक मावसभाऊ आहे, त्यानं पहिलाच गेम एक्सपर्टवर सुरू केला आणि चाळीस मिनिटं पहिल्या फाटकाच्या बाहेरच होता, आत गेलाच नाही.

मग शिकवणी येते, ट्युटोरियल, ती टाळू नका, दोन मिनिटांचीच असते. तेवढ्यात माऊसच्या बाणाकडं लक्ष द्या. तो जागा बघून रूप बदलतो. भिंग झालं म्हणजे जवळून बघता येतं, हात झाला म्हणजे उचलता येतं, दातेरी चाक किंवा तसलं काही झालं म्हणजे तिथं एखादी वस्तू वापरायची आहे, आणि बाण झाला म्हणजे पुढं रस्ता आहे. प्रत्येक गेमची चिन्हं थोडी वेगळी असतात पण हे चार अर्थ सगळीकडं असतात. नवीन जागी पोचलं की मी आधी काहीच क्लिक करत नाही, नुसता बाण सगळ्या चित्रावरून सावकाश फिरवते आणि कुठं कुठं रूप बदलतंय ते बघते. खाली पट्टी असते त्यात गोळा केलेल्या वस्तू बसतात. ही पट्टी कधी कधी आपोआप लपते, तिच्याजवळ छोटं कुलूप असेल तर ते एकदा दाबा म्हणजे ती कायम दिसत राहील.

यादीतले शब्द

आता मूळ मुद्दा. शोधायच्या सीनमधे खाली दहा-बारा शब्द. फॅन्टसी गेमचे हे सीन सगळे जुन्या युरोपातल्या वर्कशॉप, स्वयंपाकघर, माळा, तळघर असल्या जागी घडतात, त्यामुळं वस्तूही जुन्या. आपण इंग्रजी शाळेत शिकलो तरी हे शब्द पुस्तकात कुणी शिकवले नाहीत, आणि गंमत म्हणजे यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू आपल्या आजीच्या घरात किंवा गल्लीत होती.

मी आत्याबरोबर खेळताना जुन्या कॅलेंडरच्या मागं यादी करत गेले. बेलोज म्हणजे भाता. सिकल म्हणजे विळा. थिम्बल म्हणजे शिंपी बोटात घालतात ते अंगुस्तान, हे तर मला मराठीतही माहीत नव्हतं, ते आत्यानं सांगितलं. ट्रॉवेल म्हणजे गवंड्याची थापी. चिझल म्हणजे छिन्नी, सुताराची असेल तर पटाशी. टाँग्ज म्हणजे चिमटा, सांडशी. फनेल म्हणजे नरसाळं. मॉर्टर आणि पेसल म्हणजे खलबत्ता, चेटकिणीच्या घरात हा असतोच असतो. स्पूल म्हणजे दोऱ्याचं रीळ. लॅडल म्हणजे पळी किंवा डाव. क्विल म्हणजे पिसाची लेखणी. गॉब्लेट म्हणजे उंच दांडीचा पेला. ल्यूट आली तर पोट फुगलेलं तंतुवाद्य शोधा, मिरजेला सतारमेकरांच्या दुकानांवरून कधी गेला असाल तर डोळ्याला तो आकार लगेच सापडतो.

करायचं काय तर शब्द वाचला की आधी मनात त्याचं मराठी नाव घ्या आणि ती वस्तू डोळ्यासमोर आणा, मगच चित्राकडं बघा. थिम्बल, थिम्बल असं घोकत शोधलं तर डोळा काही शोधतच नाही, नुसता फिरतो. अंगुस्तान म्हटलं की बोटाएवढी, खड्डे खड्डे असलेली टोपी समोर येते आणि डोळ्याला काम मिळतं.

दुसरी मेख म्हणजे दोन अर्थांचे शब्द, आणि गेमवाले मुद्दाम तेच घालतात. बॅट लिहिलं म्हणून क्रिकेटची बॅट शोधत बसू नका, नव्वद टक्के वेळा ते वटवाघूळ असतं, आणि ते छताला लटकलेलं. बो म्हणजे धनुष्य किंवा रिबनची गाठ. प्लेन म्हणजे विमान नाही, रंधा, किल्ल्यात विमान कुठनं येणार. फाइल म्हणजे कानस. पाइप म्हणजे चिलीम. क्रेन म्हणजे सारस पक्षी. हॉर्न म्हणजे शिंग. सील म्हणजे लाखेची मोहोर, क्वचित तो समुद्रातला प्राणी. क्लब म्हणजे दंडुका किंवा पत्त्यातला किलवर, स्पेड म्हणजे फावडं किंवा इस्पिक. नाइट म्हणजे चिलखत घातलेला सरदार, नाहीतर बुद्धिबळातला घोडा. एक अर्थ पूर्ण चित्रात सापडला नाही की लगेच दुसरा धरा.

काही गेममधे भाषा बदलायची सोय असते पण मराठी मला तरी अजून कुठं दिसलेली नाही. यादी वाचायचाच कंटाळा असेल तर सीन शब्दांऐवजी सावल्यांचे किंवा तुकड्यांचे असतात ते गेम बघा, त्यात वस्तूचा नुसता काळा आकार दाखवतात. आत्याला ते जास्त आवडले.

आता शोधायचं कसं

चित्राचे मनातल्या मनात उभे पट्टे पाडा, चार-पाच, आणि डावीकडून एकेक पट्टा वरून खाली बघत जा. सगळ्या चित्रावर नजर भिरभिरवली तर मधला भाग दहादा बघितला जातो आणि कडा राहतात. कडेला अर्धवट कापलेल्या वस्तू भरपूर असतात.

रंगावर जाऊ नका, कारण वस्तू लपवायची त्यांची पहिली युक्ती तीच, तपकिरी फळीवर तपकिरी व्हायोलिन. कडेची रेघ बघा. दुसरी युक्ती आकारमानाची. घोडा अंगठ्याएवढा असू शकतो, खेळण्यातला, किंवा नुसता कपावर रंगवलेला. सरडा हा फांदीच असतो. साप म्हणजे दोर. किल्ली तर खुंटीला, दाराच्या नक्षीत, माणसाच्या कानात, कुठंही.

यादीत एखादा शब्द वेगळ्या रंगात दिसला तर ती वस्तू सरळ मिळणार नाही, त्यासाठी आधी काहीतरी करावं लागतं. पेटी उघडा, पडदा सारा, किंवा एक वस्तू दुसरीवर नेऊन ठेवा, म्हणजे पेटलेली मेणबत्ती मागितली असेल तर आधी काडी मेणबत्तीवर. म्हणून त्या सीनमधे उघडता येणारं सगळं आधी उघडून घ्या.

आणि धडाधड क्लिक करू नका. बरेच गेम त्याला दंड करतात, बाण गोल गोल फिरतो किंवा स्क्रीन काही सेकंद धूसर होते.

कंटाळा आला तर काही गेममधे सीनऐवजी माहजाँगच्या, म्हणजे सारख्या चित्रांच्या फरशांच्या, जोड्या लावायचा पर्याय असतो, तो घ्या, त्यात कमीपणा नाही.

वस्तू, कुलपं आणि फिरणं

शोधायचा सीन संपला की यादीतली एकच वस्तू तुम्हाला मिळते, बाकीच्या विसरा. ती पट्टीत जाते आणि मग कुठंतरी वापरायची. इथं साखळी असते. विहिरीत उतरायला दोर पाहिजे, दोर बुरुजात, बुरुजाच्या दाराला चांदीचं पान बसवायचं, पान घुबडाच्या पायात, घुबडाला उंदीर दिल्याशिवाय ते सोडत नाही, आणि उंदराला धरायला पिंजरा, जो तुम्ही मघाशी मोडका म्हणून सोडून आला. त्यामुळं दाराला, पेटीला, पुतळ्याला जे भोक किंवा खाच असेल तिचा आकार नीट बघून ठेवा, चंद्रकोर असेल तर चंद्रकोर, सहा पाकळ्या असतील तर सहा पाकळ्यांचं फूल. वस्तू हातात आली की मग आठवतं.

आत्या हे सगळं कॅलेंडरच्या मागं लिहायची. पूल, लाल खडा राहिला. चर्च, वरची दोरी कापायला काय तरी. मी हसले होते पण दुसऱ्या दिवशी गेम उघडल्यावर मला काहीच आठवेना आणि तिला सगळं आठवत होतं.

पट्टीतल्या वस्तूवर अधिकचं चिन्ह असेल तर ती अजून पूर्ण नाही, तिच्यावर क्लिक करा, मोठी होऊन उघडेल आणि तिला अजून काय जोडायचं ते दिसेल. दांडा आणि पातं वेगळं मिळालं असेल तर तिथंच कुऱ्हाड करायची. नकाशा असेल तर उत्तमच, जिथं काम बाकी आहे तिथं खूण दिसते, आणि नकाशावर क्लिक करून सरळ तिथं पोचता येतं, नाहीतर तळघरातून बुरुजापर्यंत नऊ वेळा चालत जाण्यात जीव जातो. आणि एक सवय लावून घ्या, नवीन वस्तू मिळाली की जुन्या अडलेल्या जागा एकदा फिरून या. अडकायला होतं ते बहुतेक वेळा आधीच्या जागी काहीतरी सुटल्यामुळं.

कोडी

सगळी सांगत नाही, तीन सांगते कारण ती कपडे बदलून सगळ्याच गेममधे येतात.

एक, तीन खुंट्या आणि त्यातल्या एकीवर चकत्या, मोठी खाली छोटी वर, सगळ्या ठरलेल्या दुसऱ्या खुंटीवर न्यायच्या आणि मोठी कधी छोटीवर ठेवायची नाही. हे कोडं १८८३ सालचं, एका फ्रेंच गणितज्ञानं काढलेलं. तीन चकत्या असतील तर कमीत कमी ७ चाली, चार असतील तर १५, पाच असतील तर ३१. चकत्यांची संख्या विषम असेल तर पहिली चकती जिथं शेवटी न्यायचंय त्याच खुंटीवर ठेवा, सम असेल तर उरलेल्या तिसऱ्या खुंटीवर. त्यानंतर एक आड एक चाल सगळ्यात छोटीची, आणि छोटी नेहमी एकाच दिशेनं गोल फिरवायची. मधल्या चालीला दुसरी काही शक्यताच नसते. आत्यानं हे घरी स्टीलच्या तीन डब्यांची झाकणं घेऊन करून बघितलं.

दोन, दिव्यांचं कोडं. नऊ खडे तीन बाय तीन, एकाला दाबलं की तो आणि त्याच्या वर-खाली-डावी-उजवीकडचे उलटे होतात, पेटलेला विझतो, विझलेला पेटतो. यात दोन गोष्टी लक्षात ठेवा, दाबायचा क्रम कसाही चालतो आणि एकच खडा दोनदा दाबणं म्हणजे न दाबणंच. म्हणून प्रत्येक खडा एकदा दाबायचा का नाही एवढाच प्रश्न उरतो. सगळे विझलेले असतील आणि सगळे पेटवायचे असतील तर चार कोपरे आणि मधला, पाच क्लिक, झालं. उलटं असेल तरी तेच.

तीन, सरकत्या फरशांचं चित्र, एक जागा रिकामी. वरची ओळ आधी पूर्ण करा, मग डावीकडचा उभा रकाना, आणि झालेल्या भागाला शक्यतो हात लावू नका. राहिलेल्या छोट्या चौकोनात फरशा गोल फिरवत राहिलं की जुळतं. ओळीतली शेवटची फरशी मात्र सरळ बसत नाही, तिच्यासाठी आधीची फरशी तात्पुरती कोपऱ्यात सरकवायची, शेवटची तिच्या खाली आणायची आणि दोघी एकामागून एक वळवून आत घ्यायच्या.

बाकीच्यांना पेन-कागद आणि चहा. आणि नाहीच सुटलं तर कोडं न सोडवता पुढं जायचं स्किपचं बटण असतंच, ते भरायला एक-दोन मिनिटं लागतात, भरलं की दाबा. गोष्ट पुढं जाणं महत्त्वाचं. मी पाइप जोडायची सगळी कोडी बिनदिक्कत स्किप करते, मला ती आवडत नाहीत.

हिंट आणि बाहेरची मदत

हिंट दोन प्रकारे चालते. शोधायच्या सीनमधे एक वस्तू दाखवते, आणि फिरताना दाबली तर कुठल्या दिशेला जायचं तो बाण किंवा इथं काय करायचं ते. पूर्ण अडकल्यावर यूट्यूबवर जायच्या आधी हीच दाबा. यूट्यूबवर पूर्ण गेमचे व्हिडिओ असतात पण एक गोष्ट बघायला गेलं की पुढची दहा मिनिटं नकळत बघून होतात आणि मग आपण काय खेळायचं. लिहिलेला वॉकथ्रू, म्हणजे गेम पायरीपायरीनं कसा सोडवायचा ते, बरा, प्रकरणाप्रमाणे असतो, हवी ती ओळ वाचून बंद करायचा.

सेव्हची काळजी नको, बाहेर पडताना आपोआप होतं. फक्त मेन्यूतून बाहेर पडा. आमच्याकडं पावसात लाइट जाते आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावापुरतीच आहे, त्यामुळं अर्धं सुटलेलं कोडं दोनदा पहिल्यापासून करावं लागलंय.

लपलेली फुलपाखरं, नाणी, रूप बदलणाऱ्या वस्तू असल्या जादाच्या गोष्टी पहिल्या खेपेला सोडून द्या. बऱ्याच गेममधे पुढच्या प्रकरणात गेलं की मागच्या जागी परत जाता येत नाही आणि एक नाणं राहिलं म्हणून लोक सगळा गेम परत खेळतात. आत्या त्यातलीच निघाली. पाणी उतरल्यावर ती तासगावला गेली, नातवाच्या कम्प्युटरवर तोच गेम टाकून घेतला आणि आता संध्याकाळी फोन येतो, "अगं, चौदा फुलपाखरं झाली, पंधरावं कुठाय ते सांगू नको, फक्त घरात का बाहेर एवढंच सांग."